हवेतली धूळ वेगळी करणारे यांत्रिक विभाजक: डिझाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यांत्रिक विभाजक आणि फिल्टर यांत फरक काय?

फिल्टरमध्ये हवा कापडातून किंवा कागदातून जाते आणि धूळ त्यात अडकते. यांत्रिक विभाजकात अडवणारे असे काही नसते. कण हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे हवा वळली तरी तो लगेच वळत नाही. एवढ्याच गोष्टीवर सगळे काम चालते. कण गुरुत्वाने खाली बसवला की झाले सेटलिंग चेंबर. हवेला अचानक वळण देऊन कण आडपत्र्यावर आपटवला की बॅफल विभाजक. हवा गोल फिरवून कण भिंतीकडे फेकला की सायक्लोन. व्यवहारात दहापैकी नऊ प्रश्न सायक्लोनबद्दलच येतात, म्हणून पुढेही भर त्याच्यावरच आहे.

डिझाइनची सुरुवात कुठून करायची?

धुळीपासून. हे सांगून मी थकलो आहे, तरी पहिला फोन येतो तो ‘अमुक इतक्या हवेसाठी किती व्यासाचा सायक्लोन लागेल’ असाच. हवेचे प्रमाण कळले की पत्रा कापता येतो, पण कापलेला पत्रा धूळ पकडेल की नाही हे धूळ ठरवते.

तीन गोष्टी हातात हव्यात. पहिली, कणांच्या आकाराची विभागणी, म्हणजे वजनाने किती टक्के धूळ ५ मायक्रॉनखाली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), किती ५ ते १०, किती त्याच्या वर. ‘सरासरी ३० मायक्रॉन’ हा आकडा निरुपयोगी आहे, कारण एकाच सरासरीच्या दोन धुळी सायक्लोनमध्ये अगदी वेगळ्या वागू शकतात. दुसरी, कणाची खरी घनता. इथे एक चूक हमखास होते: डब्यात भुकटी ओतून तिचे वजन केले जाते आणि तीच घनता सूत्रात घातली जाते. त्यात कणांमधली हवाही मोजली जाते, त्यामुळे आकडा निम्म्यावर येऊ शकतो. तिसरी गोष्ट धुळीचा स्वभाव. चिकट आहे, ओल धरणारी आहे, कणखर आहे, तंतुमय आहे की पेट घेणारी आहे?

नमुना कुठून घेतला तेही पाहा. यंत्राखाली जमिनीवर साचलेली धूळ तपासायला पाठवली तर अहवाल छान येतो, कारण बारीक धूळ तिथे पडलेलीच नसते. ती उडून गेलेली असते आणि नेमकी तीच तुम्हाला पकडायची असते. नमुना डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीतून घ्या. तोही नळीच्या तोंडाशी हवेचा वेग डक्टमधल्या वेगाइतकाच ठेवून, नाहीतर नमुन्यात जाड किंवा बारीक कण प्रमाणाबाहेर येतात.

सेटलिंग चेंबर आता कालबाह्य झाले का?

नाही, पण त्याची जागा मर्यादित आहे. हिशोब करून पाहू. २००० किलो प्रति घनमीटर घनतेचा ५० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर खाली येतो. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला फक्त ६ मिलिमीटर. व्यास पाचपट कमी झाला की वेग पंचवीसपट कमी होतो, असे स्टोक्सचा नियम सांगतो.

आता गंमत बघा. चेंबरची उंची वाढवली तर हवा आत जास्त वेळ राहते, पण कणालाही तितकेच जास्त अंतर पडावे लागते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरते ते फक्त तळाचे क्षेत्रफळ: सेकंदाला येणारी हवा भागिले कणाचा पडण्याचा वेग. सेकंदाला १.५ घनमीटर हवा असेल तर ५० मायक्रॉनसाठी १० चौरस मीटर तळ लागतो. १० मायक्रॉनसाठी २५० चौरस मीटर! आत आडव्या तबकड्यांचे थर देऊन तळ वाढवता येतो, पण त्या साफ करणे ही शिक्षाच असते. म्हणून सेटलिंग चेंबर ५० मायक्रॉनच्या वरच्या भरड मालासाठी, पुढच्या यंत्राचे ओझे हलके करायला वापरावे. आतला वेग सेकंदाला ३ मीटरच्या बराच खाली ठेवावा, नाहीतर बसलेली धूळ पुन्हा उठते.

बॅफल किंवा झडपांसारख्या पात्यांचे विभाजक?

जागा कमी असेल, कण भरड असतील आणि प्रेशर ड्रॉप (यंत्रातून जाताना हवेच्या दाबात होणारी घट) परवडत नसेल तेव्हा. ठिणग्या अडवायलाही बरे. बारीक धुळीसाठी त्यांच्या मागे लागू नका.

सायक्लोनच्या आत नेमके काय घडते?

हवा वरच्या बाजूने, कडेला स्पर्शरेषेत आत शिरते, भिंतीलगत फिरत फिरत खाली उतरते, शंकूच्या तळाजवळ उलटते आणि मध्यातून, त्याच दिशेने फिरत, वर जाऊन निकास नळीतून बाहेर पडते. म्हणजे एकात एक असे दोन भोवरे असतात. सेकंदाला १५ मीटर वेगाची हवा अर्ध्या मीटर त्रिज्येत फिरली तर भिंतीजवळ कणावरचे केंद्रोत्सारी बल त्याच्या वजनाच्या ४५ पटींच्या आसपास जाते. आतल्या भोवऱ्यात त्रिज्या कमी आणि वेग जास्त, त्यामुळे तिथे आणखी.

पुष्कळांना वाटते की भिंतीला लागलेली धूळ गुरुत्वाने खाली घसरते. तिला खाली नेते ती मुख्यत: भिंतीलगत खाली उतरणारी हवाच. म्हणूनच सायक्लोन तिरका किंवा आडवा बसवला तरी चालतो. फक्त हॉपरमधून (सायक्लोनखालच्या, धूळ जिथे पडते त्या भागातून) धूळ बाहेर काढायची सोय त्याप्रमाणे करावी लागते.

मापे कशी ठरवतात?

सगळी मापे सायक्लोनच्या व्यासाच्या पटीत. स्टेअरमंड यांनी १९५१ मध्ये मांडलेली जास्त कार्यक्षमतेची प्रमाणे आजही सुरुवातीला सर्रास वापरतात: इनलेटची, म्हणजे हवा आत येण्याच्या तोंडाची, उंची व्यासाच्या ०.५ पट, रुंदी ०.२ पट, निकास नळीचा व्यास ०.५ पट, तीच नळी आत ०.५ पट खोल, सरळ नळकांड्याची लांबी १.५ पट, एकूण लांबी ४ पट, खालचे तोंड ०.३७५ पट.

एक उदाहरण घेऊ. हवा सेकंदाला १.५ घनमीटर, म्हणजे तासाला ५४०० घनमीटर. इनलेटचा वेग १५ मीटर प्रति सेकंद धरू. मग इनलेटचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर येते. हे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या ०.१ पट असल्याने व्यास बरोबर १ मीटर निघतो. इनलेट ५०० गुणिले २०० मिलिमीटर, निकास नळी ५०० मिलिमीटर, नळकांडे दीड मीटर, शंकू अडीच मीटर, खालचे तोंड ३७५ मिलिमीटर. पाच मिनिटांत मापे हातात! इथेच लोक थांबतात आणि फॅब्रिकेटरकडे जातात. पुढचे दोन प्रश्न वाचल्याशिवाय जाऊ नका.

हा सायक्लोन किती बारीक कण पकडेल?

त्यासाठी ‘कट साइझ’ काढतात. ज्या आकाराचे निम्मे कण पकडले जातात आणि निम्मे निसटतात, तो आकार. लॅपलचे सूत्र शब्दांत असे: हवेची श्यानता (वाहण्याला होणारा तिचा अंतर्गत विरोध), इनलेटची रुंदी आणि ९ यांचा गुणाकार वर, २, π (पाय), फेऱ्यांची संख्या, इनलेटचा वेग आणि कणाची घनता यांचा गुणाकार खाली, आणि सगळ्याचे वर्गमूळ. फेऱ्या म्हणजे नळकांड्याची लांबी अधिक शंकूची निम्मी लांबी, भागिले इनलेटची उंची. आपल्या उदाहरणात १.५ अधिक १.२५, भागिले ०.५, म्हणजे ५.५ फेऱ्या. कणाची घनता २००० धरली तर कट साइझ सुमारे ५.६ मायक्रॉन येतो.

इतर आकारांची कार्यक्षमता काढायला कट साइझला कणाच्या व्यासाने भागा, वर्ग करा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्या बेरजेने भागा. २ मायक्रॉनचे कण ११ टक्के पकडले जातात, ५ मायक्रॉनचे ४४, १० मायक्रॉनचे ७६, २० मायक्रॉनचे ९३ आणि ४० मायक्रॉनचे ९८ टक्के.

हे आकडे देवाची वाणी समजू नका. लॅपलखेरीज बार्थ यांचे १९५६ चे आणि लीथ व लिक्ट यांचे १९७२ चे मॉडेलही वापरात आहे, आणि एकाच सायक्लोनसाठी ती सारखी उत्तरे देत नाहीत. मी किमान दोन सूत्रांनी हिशोब करतो आणि वाईट उत्तर गृहीत धरून पुढची यंत्रणा निवडतो.

विक्रेता ‘९५ टक्के कार्यक्षमता’ म्हणतो. विश्वास ठेवायचा का?

विचारा: कोणत्या धुळीसाठी? वरचाच सायक्लोन घ्या. धुळीत वजनाने ८० टक्के कण ४० मायक्रॉनचे आणि २० टक्के २० मायक्रॉनचे असतील तर एकूण कार्यक्षमता ९७ टक्के येते. त्याच सायक्लोनमध्ये २ मायक्रॉनचे १० टक्के, ५ चे २०, १० चे ३० आणि ४० चे ४० टक्के अशी धूळ घातली की आकडा ७२ वर उतरतो. यंत्र तेच, पत्रा तोच. विक्रेता खोटे बोलत नसेलही. त्याने धूळ स्वतःच्या सोयीची निवडलेली असते.

करारात म्हणूनच ‘१० मायक्रॉनच्या, अमुक घनतेच्या कणांसाठी इतके टक्के, इतक्या प्रेशर ड्रॉपवर’ असे लिहून घ्या.

वेग वाढवला तर कार्यक्षमता वाढेल ना?

काही प्रमाणात. वेग १५ वरून २० केला तर कट साइझ ५.६ वरून ४.८ च्या आसपास येतो. पण प्रेशर ड्रॉप वेगाच्या वर्गाने वाढतो. आपल्या उदाहरणात १५ मीटरला तो सुमारे ८६० पास्कल, म्हणजे ८८ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ आहे. २० मीटरला तो १५३० पास्कलवर जातो. वीजबिल दर महिन्याला येते, हे पंखा निवडताना आठवावे.

शिवाय वेगाला वरची हद्द आहे. फार जोरात फिरणारी हवा भिंतीवर आलेली धूळ खरवडून पुन्हा उडवते आणि कार्यक्षमता वाढायची सोडून पडू लागते. ही हद्द धुळीप्रमाणे आणि व्यासाप्रमाणे बदलते, पण १५ ते २० मीटर प्रति सेकंद ही साधारण सुरक्षित जागा.

एक मोठा सायक्लोन की चार लहान?

वेग आणि प्रमाणे तीच ठेवली तर कट साइझ व्यासाच्या वर्गमुळाने बदलतो. १ मीटरच्या एका सायक्लोनऐवजी अर्ध्या मीटरचे चार समांतर लावले तर हवा तितकीच जाते, प्रेशर ड्रॉप तितकाच राहतो आणि कट साइझ ५.६ वरून ४ मायक्रॉनवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणांची पकड ४४ वरून ६० टक्क्यांपलीकडे जाते. कागदावर हा फुकटचा फायदा आहे.

प्रत्यक्षात चौघांना हवा सारखी मिळाली पाहिजे. डक्ट नीट वाटला नसेल तर एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. त्यातून चौघांचा हॉपर एकच असेल तर जिथे दाब कमी तिथल्या सायक्लोनमधून हॉपरची हवा धूळ घेऊन उलटी वर चढते. मग चार सायक्लोन मिळून एकापेक्षाही वाईट काम करतात. हॉपरमध्ये विभाजक पत्रे टाका, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. लहान व्यासाचे सायक्लोन चिकट धुळीने लवकर तुंबतात, हेही लक्षात ठेवा.

निकास नळी आत किती खोल असावी?

निदान इनलेटच्या खालच्या कडेपर्यंत. आखूड असेल तर आत आलेली हवा फेरी न मारताच थेट बाहेर पळते.

हिशोब सगळा बरोबर आहे, तरी वरून धूळ निघते. का?

खाली बघा. न चालणारा सायक्लोन दाखवायला मला बोलावतात तेव्हा मी टेप काढून व्यास मोजत नाही, आधी हॉपरखाली वाकतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

भोवऱ्याच्या मध्यात दाब कमी असतो, आणि हा कमी दाबाचा गाभा थेट खालच्या तोंडापर्यंत पोचतो. पंखा सायक्लोनच्या आधी असला, म्हणजे सगळीकडे दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल असे वाटले, तरी तळाच्या मध्यात ओढ असू शकते. आता हॉपरच्या दाराचे गॅस्केट फाटले, रोटरी व्हॉल्व्हच्या (हवा न शिरू देता धूळ खाली सोडणाऱ्या फिरत्या झडपेच्या) पात्यांची टोके झिजली किंवा कुणी ड्रमचे झाकण सैल ठेवले की बाहेरची हवा आत शिरते. १००० पास्कल ओढ असेल तर हवा सेकंदाला ४० मीटर वेगाने घुसते. ५० मिलिमीटर व्यासाच्या एका भोकातून आपल्या उदाहरणातल्या हवेच्या ३ टक्के हवा येते. ३ टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ही हवा नेमकी त्या तोंडातून वर चढते जिथून सगळी पकडलेली धूळ खाली पडत असते. पकडलेला माल ती उचलून थेट निकास नळीत नेऊन सोडते.

दुसरे कारण भरलेला हॉपर. हॉपर ही साठवणीची जागा नाही. धूळ शंकूपर्यंत चढली की भोवऱ्याची शेपटी तिच्यात घुसते आणि चमच्यासारखी ढवळत बसते. धूळ साठवायची असेल तर खाली वेगळा ड्रम किंवा पेटी द्या, आणि मध्ये हवाबंद व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा आकार ठरवताना रोजचा सरासरी माल धरू नका. डक्टमध्ये साचलेला ढीग एकदम सुटतो तेव्हाचा धरा. ड्रॉइंगमध्ये सायक्लोनच्या शरीरावर आठ मापे आणि खालच्या व्हॉल्व्हवर फक्त ‘बाय क्लायंट’ असा शेरा दिसला की पुढे काय होणार ते मला कळते.

तिसरे कारण आतले वेल्डिंग. भिंतीवर जोडाचा उंचवटा, आत डोकावणारे गॅस्केट किंवा दार बसवताना राहिलेली पायरी असेल तर भिंतीलगत उतरणारी धूळ तिथे आपटून मध्ये उडते. आतला जोड ग्राइंड करून सपाट करायचा, असे ऑर्डरमध्येच लिहा. आणि तुंबलेल्या शंकूवर हातोडे मारू नका. प्रत्येक पोचा पुढच्या तुंबण्याची जागा ठरतो.

पंखा सायक्लोनच्या आधी की नंतर?

शक्यतो नंतर. धूळभरली हवा पंख्यातून गेली की पाती झिजतात, माल चिकटून तोल जातो आणि ठिसूळ कण फुटून आणखी बारीक होतात, म्हणजे पकडायला अवघड. मात्र पंखा नंतर असला की सगळा सायक्लोन ओढीखाली येतो आणि वरच्या प्रश्नातली गळती अधिक बोचते.

हवा गरम असेल तर काय बदलते?

दोन गोष्टी. हवा तापली की पातळ होत नाही, तिची श्यानता वाढते. द्रवांच्या उलट. ३०० अंश सेल्सिअसला ती २० अंशांच्या मानाने सुमारे १.६ पट असते, त्यामुळे त्याच वेगाला कट साइझ सव्वापटीहून थोडा वर जातो. दुसरे, आकारमान जवळजवळ दुप्पट होते. कुणी ‘नॉर्मल घनमीटर’मध्ये (ठरावीक थंड तापमानाला मोजलेल्या घनमीटरमध्ये) आकडा दिला आणि तुम्ही तो तसाच वापरला, तर इनलेटचा वेग ठरवल्याच्या दुप्पट निघेल. प्रत्यक्ष तापमानाचे घनमीटर वापरा.

ओलसर किंवा चिकट धुळीला सायक्लोन चालतो का?

पत्र्याचे तापमान दवबिंदूच्या वर राहिले तर चालतो. बाहेरून इन्सुलेशन द्या. मुळातच चिकट माल असेल तर ओल्या स्क्रबरचा (पाण्याने धूळ धुऊन काढणाऱ्या यंत्राचा) विचार करा आणि सायक्लोनचा हट्ट सोडा.

झीज कुठे होते?

इनलेटसमोरच्या भिंतीवर, जिथे झोत पहिल्यांदा आदळतो, आणि शंकूच्या खालच्या भागात. झीज वेगाच्या वर्गापेक्षाही जलद वाढते, म्हणून वाळूसारख्या मालाला वेग कमीच ठेवा. अस्तरासाठी ओतीव बसाल्ट किंवा अ‍ॅल्युमिनाच्या टाइल्स लावतात. जाड पत्रा हा स्वस्त उपाय, पण शंकूचा खालचा तुकडा फ्लँजने वेगळा ठेवलात तर तेवढाच बदलता येतो.

धूळ पेट घेणारी असेल तर?

लाकूड, धान्य, साखर, कोळसा, अ‍ॅल्युमिनियम यांच्या धुळीसाठी सायक्लोन म्हणजे इंधन आणि हवा आधीच मिसळून ठेवलेली बंद टाकी. फक्त ठिणगी कमी असते. सगळे भाग एकमेकांना जोडून अर्थिंग करा, येणाऱ्या मालातून लोखंडाचे तुकडे चुंबकाने काढा आणि स्फोटाचा दाब मोकळ्या जागेत सोडणारे पॅनेल बसवा. पॅनेलचे क्षेत्रफळ त्या धुळीच्या प्रयोगशाळेतील स्फोट चाचणीवरून तज्ज्ञाने काढायचे असते, अंदाजाने नाही. आजूबाजूला साचलेली धूळही तितकीच घातक: ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातील पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात साचलेल्या साखरेच्या धुळीमुळे एकामागून एक स्फोट होत गेले आणि १४ जणांचा जीव गेला.

सीएफडी सिम्युलेशन (हवेच्या प्रवाहाचा संगणकावरचा हिशोब) करून घ्यावे का?

नेहमीच्या प्रमाणांच्या सायक्लोनला गरज नाही. वेगळा आकार, अडचणीचा इनलेट किंवा बऱ्याच सायक्लोनमधली हवेची वाटणी असेल तर उपयोग होतो. पण फिरत्या प्रवाहासाठी साधे टर्ब्युलन्स मॉडेल वापरून काढलेली रंगीत चित्रे फसवी असतात, आणि फाटके गॅस्केट कुठल्याच सिम्युलेशनमध्ये दिसत नाही.

सायक्लोन बसवला की बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांचा फिल्टर) लागणार नाही ना?

तुमच्या धुळीत ५ मायक्रॉनखालचा भाग किती, यावर अवलंबून. श्वासातून फुप्फुसात खोल जाणारी धूळ साधारण त्याच आकाराची असते, आणि तिथेच सायक्लोन कमजोर पडतो. उत्सर्जनाची मर्यादा कडक असेल तर आधी सायक्लोन आणि त्यानंतर बॅग फिल्टर, ही जोडी लावा. भरड माल सायक्लोनमध्ये उतरला की पिशव्यांवरचे ओझे आणि झीज कमी होते. एक सावधगिरी: काही धुळींत भरड कणांमुळे पिशवीवरचा थर सच्छिद्र राहतो. ते सगळे आधीच काढून टाकले तर उरलेली बारीक धूळ पिशवीवर घट्ट लेप धरते आणि प्रेशर ड्रॉप उलट वाढतो.

बसवल्यानंतर काम बरोबर चालले आहे हे कसे ओळखायचे?

इनलेट आणि आउटलेटवर मॅनोमीटरची (दाबातला फरक मोजणाऱ्या उपकरणाची) तोंडे पहिल्याच दिवशी काढून ठेवा आणि स्वच्छ अवस्थेतला प्रेशर ड्रॉप सायक्लोनवरच रंगाने लिहा. तो घटला तर हवा कमी येते आहे किंवा खालून गळती आहे. वाढला तर हवा वाढली आहे किंवा माल इनलेटला चिकटला आहे. धुळीचे प्रमाण वाढले की प्रेशर ड्रॉप थोडा उतरतो, तेवढ्याने घाबरू नका. ड्रममध्ये रोज जमणाऱ्या धुळीचे वजन वहीत लिहा. ते अचानक निम्म्यावर आले आणि उत्पादन तेवढेच असेल, तर आधी हॉपरच्या दारावर साबणाचे पाणी लावा, पंखा चालू ठेवून, आणि फेस आत ओढला जातो का ते बघा.